दत्तोबा वकील टिपून घेतात

"थांब. पुन्हा सांग," असं म्हणून दत्तोबा वकिलांनी टाक दौतीत बुडवला.

धोंडाबाईने पुन्हा सांगितलं. वडगावच्या कचेरीबाहेर चिंचेखाली वकिलांचं दुकान मांडलेलं होतं. बसायला सतरंजी, मांडीवर फळी, फळीवर वही. दौत मात्र रज्जाकच्या तळहातावर. रज्जाक त्यांचा कारकून, लोणावळ्याचा. आपल्या आळीत त्याच्या शब्दाला वजन होतं. इथे तो दौत धरून उभा राही.

"गवताची गंज पेटली तवा मी पल्याड भारं बांधीत हुते," धोंडाबाई म्हणाली. "आग कुणाच्या हातनं लागली त्ये ह्या डोळ्यांनी बघितलंय. पर नाव न्हाई घ्यायाची मी. कोर्टात दावीन."

'नाव घेणार नाही. कोर्टात दावीन.' दत्तोबांनी लिहिलं. दुसऱ्या कुणी तिथे 'दाखवीन' असं शुद्ध करून घेतलं असतं. दत्तोबांनी ते केलं नाही. अशिलाचा शब्द जसाच्या तसा उतरला पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता. शब्दाखाली त्यांनी रूळ ठेवून रेघ मारली, ती वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घातली आणि पुढचा प्रश्न विचारला, की तुझं वय काय.

एखाद्या सामान्य वकिलाने विचारलं असतं, बाई, दावीन म्हणजे करणार काय? पण सामान्य वकील अशिलाच्या तोंडाकडे बघतात. दत्तोबांना ते व्यसन नव्हतं.

खटला साधा होता. लोणावळ्याला स्टेशनजवळ एका ठेकेदाराच्या गवताच्या गंजी लागत. मावळातलं गवत दाबून गासड्या करायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा धंदा. कामाला आंदर मावळातली माणसं. त्यांत दोघे भाऊ, थोरला कोंडाजी आणि धाकटा गेणू. धोंडाबाई ही गेणूची बायको. एका दुपारी एक गंज पेटली. गेणू ओलं पोतं घेऊन आगीत शिरला आणि दोन्ही हात भाजून बाहेर आला. मुकादमाने भाजलेले हात बघितले आणि आग लावणारा सापडला असं जाहीर केलं. पोलिसांनाही ते पटलं. हात भाजलेला माणूस समोर असताना हात न भाजलेला शोधत हिंडण्याची पोलिसांत पद्धत नाही.

गेणूला सारं ठाऊक होतं. पण त्याने तोंड उघडलं नाही आणि बायकोलाही आपल्या गळ्याची शपथ घातली, की कोर्टात तू कुणाचं नाव घ्यायचं नाहीस. का, ते तो सांगेना. दत्तोबांनी तेही टिपलं. 'आरोपी कारण सांगत नाही.' खाली रेघ.

दत्तोबा वारिंगे हे मावळातल्या शेतकरी घरातले पहिले एलएल.बी. पुण्याच्या कायद्याच्या वर्गात पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या प्रोफेसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जे टिपलं नाही ते घडलं नाही." वर्ग हसला. दत्तोबांनी ते टिपलं. त्यानंतर एलएल.बी. होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पुढे पुण्याच्या स्टेशनावर एक म्हातारे गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा दत्तोबांनी त्यांना वाट करून दिली. म्हातारे "काय वारिंगे, ओळखलं नाही?" असं बोलले आणि दत्तोबांनी आवाजावरून आपल्या गुरूंना ओळखलं. चेहरा ते पहिल्यांदाच बघत होते.

त्यांच्या वह्यांची कीर्ती मोठी होती. परीक्षा आली की सगळा वर्ग त्या उतरवून घेई. मृत्युपूर्व जबानीच्या प्रकरणात मध्येच 'ती खिडकी लावा' असं वाक्य होतं. प्रोफेसर तसं बोलले होते, तेव्हा ते येणारच. दोघा विद्यार्थ्यांनी पेपरात तेही लिहिलं. दोघेही पास झाले आणि त्यांतला एक पुढे न्यायाधीशही झाला.

वकिलीत दत्तोबांचा जम बसला तो याच गुणावर. खटले ते फारसे जिंकत नसत. पण हरलेल्या अशिलाला तो कुठे हरला ते पानासकट दाखवून देत, आणि मावळातल्या माणसाला एवढं तरी आजवर कुणी दाखवलं होतं? कोर्टाला तर त्यांचा मोठाच आधार. मॅजिस्ट्रेटसाहेब साक्षी स्वतःच्या हाताने इंग्रजीत उतरवून घेत. एखादं वाक्य निसटलं की खालमानेनेच विचारत, "वारिंगे, तुमच्याकडे काय आहे?" आणि वारिंगे वाचून दाखवत. ते लिहिलं जाई. सरकारपक्षही हरकत घेत नसे. दत्तोबांचं टिपण म्हणजे गंगाजळ.

आणि आता या सगळ्यावर कळस चढणार होता. त्यांच्या जुन्या कॉलेजने त्यांना बोलावणं धाडलं होतं. 'टिपणाची शिस्त आणि वकिलीचा पेशा' या विषयावर नव्या विद्यार्थ्यांपुढे दोन शब्द बोलावेत. व्याख्यान उद्या होतं. संध्याकाळच्या गाडीने पुणं गाठायचं होतं. भाषणात द्यायला एखादं ताजं उदाहरण मिळेल म्हणून दत्तोबांनी या खटल्यासाठी कोरी वही काढली होती. गेणूला काय होईल याची काळजी धोंडाबाईला होती. दत्तोबांना उदाहरणाची होती.

पुकारा झाला.

कोर्टात गाव लोटलं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात गेणू, हातांना फडकी बांधलेली. बाकावर थोरला कोंडाजी, डोक्याला नवं पागोटं. भावाच्या खटल्याला भाऊ आला म्हणून लोक त्याला जागा करून देत होते. सरकारतर्फे भिमाजीराव. हे गृहस्थ कायद्याच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला कसेबसे उतरले होते. त्यांनी आयुष्यात वही विकत घेतली नव्हती. तोंडात तंबाखूचा बार धरून ते कोर्टभर नजर फिरवत बसत. दत्तोबांना त्यांची कीव येई.

धोंडाबाईला उभं केलं. शिरस्त्याप्रमाणे विचारलं, नवऱ्याचं नाव काय. ती खाली बघत राहिली. पुन्हा विचारलं. तिने पदर पुढे ओढला. पट्टेवाला हसला. शेवटी मागून कुणीतरी ओरडून नाव सांगितलं, आणि ते लिहिलं गेलं.

'पतीचे नाव घेत नाही. (रूढी.)' दत्तोबांनी टिपलं.

रूढी त्यांना नवी होती असं नाही. त्यांच्या आईने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि थोरल्या दिराचं तर नाहीच नाही. थोरल्या चुलत्यांचं नाव मारुती. त्यामुळे ती माउली गावातल्या मारुतीलाही 'वेशीवरचा देव' म्हणे आणि शनिवारी तेल घालताना नुसतेच ओठ हलवी. हे सगळं दत्तोबांनी लहानपणी रोज पाहिलं होतं. तेव्हा त्यांच्या हातात वही नव्हती.

साक्ष पुढे सरकली. गंज कुठे होती, भारे कुठे होते, ऊन कुठल्या अंगाला होतं. धोंडाबाई बोलत होती आणि कोर्टात तीन टाक कुरकुरत होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा, त्यांच्या कारकुनाचा आणि दत्तोबांचा. दत्तोबा प्रश्न विचारत तेही मान खाली घालूनच, कारण विचारलेला प्रश्नही टिपायचा असतो.

"आग लावताना तू कुणाला पाहिलंस?" दत्तोबांनी विचारलं आणि लिहिलं.

धोंडाबाईने उजवा हात उचलला. खांद्याच्या रेषेत सरळ केला, आणि बोट कोंडाजीवर धरलं.

बोलली काही नाही. नवऱ्याची शपथ होती, आणि बोट धरलं होतं तो थोरला दीर होता.

कोर्टातल्या सगळ्या माणसांनी ते बोट पाहिलं. पट्टेवाल्याने पाहिलं, शिपायांनी पाहिलं, रज्जाकने पाहिलं. पिंजऱ्यातल्या गेणूने पाहिलं आणि फडक्यातले हात तोंडावर घेतले. कोंडाजीने पाहिलं. तो उठला, पागोटं सावरलं आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर पडला. गावाने एकदम कालवा केला.

पाहिलं नाही ते तिघांनी. ते लिहीत होते.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वर न बघता टेबलावर मूठ आपटली. दत्तोबांनी टिपलं, '(गलका.)' कंसात, कारण गलका हा साक्षीचा भाग नव्हे. इतका बारकावा त्यांच्याइतका कुणी पाळत नसे. गलका कशाचा, हे टिपण्याचा प्रश्न नव्हता. कुणी तसं बोललं नव्हतं.

भिमाजीराव मात्र उठले होते. बार गालात सरकवून ते सावकाश चालत आले आणि त्या उचललेल्या हाताच्या आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या मधोमध उभे राहिले. म्हणाले, "साक्षीदार गप्प आहे, साहेब."

"उत्तर नाही?" साहेबांनी कागदालाच विचारलं. "वारिंगे, तुमच्याकडे काय आहे?"

दत्तोबांनी पाहिलं. वहीत पाहिलं. प्रश्न होता, त्याखाली कंसात गलका होता, आणि बाकी जागा कोरी होती.

"नाही साहेब," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "गप्प."

तसं लिहिलं गेलं. धोंडाबाई हात धरून उभीच होती. पट्टेवाल्याने "उतर बाई खाली" म्हटलं तेव्हा तिने हात खाली घेतला आणि उतरली. तिच्या हिशेबी काम झालं होतं. चारचौघांत, देवाची शपथ घेऊन, नाव न घेता तिने माणूस दाखवला होता. गेणू आता सुटणार. चिंचेखाली येऊन तिने पदराची भाकरी सोडली आणि सुटल्यावर त्याला भूक लागेल म्हणून अर्धी पुन्हा बांधून ठेवली.

निकाल जेवणानंतर होता.

रज्जाकने दत्तोबांचं पान झाल्यावर विषय काढला. अदबशीर माणूस, त्यामुळे आडून आडून आला. साहेब, त्या बाईने बोट दाखवलं ते आपण बघितलं असेलच.

दत्तोबांनी वही पुढे केली. "कुठं आहे, दाखव."

"लिहिलेलं नाही साहेब. बघितलेलं आहे. सगळ्या कोर्टानं बघितलंय. कोंडाजी उठून गेला, तोच गलका."

दत्तोबांनी हळूच ओळीवर नजर फिरवली. प्रश्न. कंस. गलका. सगळं चोख होतं, आणि त्या चोख ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत काय होतं ते त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

ते मूर्ख नव्हते, हे इथे सांगायला हवं. नाहीतर वाचकांना उगाच त्यांची दया येईल. रज्जाक कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे हात करून सांगत होता, की कोंडाजी अजून तिथेच चहा घेत बसलाय, तेवढ्यात दत्तोबांनी ट्रंक उघडून कॉलेजातली वही काढली. पुराव्याचा कायदा, कलम ११९. ज्याला बोलता येत नाही असा साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो. खुणा मात्र भर कोर्टात झाल्या पाहिजेत. लाल शाईने अधोरेखित. पुढच्याच पानावर 'साक्षीदाराचे हावभाव' या विषयावर सुंदर टिपण होतं: वकिलाने साक्षीदाराचा चेहरा वाचावयास शिकले पाहिजे. हे वाक्य त्यांनी प्रोफेसरांच्या चेहऱ्याकडे एकदाही न बघता लिहून घेतलं होतं.

एक अर्ज. बाईला पुन्हा बोलवावं, कोंडाजीला हजर करावं, आणि गावासमोर झालेली खूण कागदावर घ्यावी. निकाल व्हायचा होता. वेळ होता, कागद होता, आणि दौत तर रज्जाकच्या हातातच होती.

पण अर्जात कारण लिहावं लागतं. कारण हे, की आरोपीचे वकील खाली बघत होते आणि त्यांनी कोर्टाला चुकीचं सांगितलं. ज्यांच्या टिपणावर आजवर कोर्टाने डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की टिपणात नव्हतं ते घडलं. आणि उद्या व्याख्यान.

दत्तोबांनी कलम पुन्हा वाचलं. ज्याला बोलता येत नाही. बाईला बोलता येत होतं. भाऱ्यांबद्दल ती बोललीच होती. म्हणजे कलम लागू नव्हतं. त्यांना बरं वाटलं.

धोंडाबाई एव्हाना रज्जाककडून काय ते समजून आली होती. भाकरीचं फडकं तिच्या हातातच होतं.

"वकीलसाब, म्या दावलं की."

"बाई, बोलायला हवं होतंस. कोर्टात बोललेलं चालतं."

"मालकानं बोलू नगंस म्हनून शपथ घातलीया. दावू नगंस म्हनून न्हाई घातली. रातभर इचार करून म्या त्येवढंच शोधून काढलं." तिने भाकरीच्या फडक्याची गाठ आवळली. "मला वाटलं, कोर्टात मानसं बघत्यात."

"मी लिहीत होतो," दत्तोबा म्हणाले.

"व्हय. माजं वय बी लिवलंय तुमी."

यात टोमणा होता का, हे दत्तोबांना कळलं नाही. कळायला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, आणि त्या वेळी ते कॉलेजच्या वहीची फीत बांधत होते.

निकाल झाला. गेणूला सहा महिन्यांची सक्तमजुरी. निकालपत्रात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोन ओळी खास लिहिल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या: बचावाच्या साक्षीदाराने ऐन प्रश्नाला उत्तर दिलं नाही, आणि ते आपल्या बाजूला प्रतिकूल असतानाही आरोपीच्या विद्वान वकिलांनी ज्या सचोटीने मान्य केलं त्याबद्दल कोर्ट त्यांचं आभारी आहे. दत्तोबांनी त्या ओळी उतरवून घेतल्या. खाली रूळ ठेवून रेघ मारली. भिमाजीरावांनी खिडकीतून बार थुंकला आणि जाता जाता त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "वारिंगे, तुम्ही होतात म्हणून."

संध्याकाळी वडगावच्या स्टेशनात पुण्याची गाडी उभी होती. गेणूला घेऊन दोन शिपाई मागच्या डब्यात चढले. दत्तोबा पुढे सेकंड क्लासात. रज्जाकने ट्रंक वर ठेवली, सतरंजीची वळकटी ठेवली, आणि दौत बाकावर, वकिलांच्या मांडीशेजारी नेऊन टेकवली. त्याला उलट्या बाजूने लोणावळ्याला जायचं होतं. तो सलाम न करता उतरला. दत्तोबांनी पाहिलं नाही.

ते भाषणाला बसले होते. उदाहरण मिळालं होतं. आजचंच पान घ्यायचं ठरलं. 'विद्यार्थिमित्रहो, अचूक टिपणाची सवय कोठवर गेली पाहिजे? साक्षीदार गप्प असला तर तेही टिपावे. कोर्टात गलका झाला तर तोही कंसात टिपावा. अशा सवयीनेच कोर्टाचा विश्वास संपादन होतो. माझ्या बाबतीत तो आजच्याच एका निकालपत्रात...'

बाहेर धोंडाबाई गाडीच्या कडेने चालली होती. हातात अर्धी भाकरी. एकेका डब्यात ती डोकावून बघत होती. गेणू कुठल्या डब्यात चढवला ते तिला दिसलं नव्हतं, आणि हाक मारायची तर नावाने मारायला हवी. नुसतं 'अवं' म्हणावं तर निम्मी गाडी खिडकीशी आली असती. ती इंजिनापर्यंत गेली आणि परत फिरली. सेकंड क्लासच्या खिडकीपाशी थांबली.

दत्तोबांच्या वहीवर सावली पडली. एका हाताची, पदराची. ती कुणाची हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वही थोडी कलती करून उजेडात घेतली आणि 'निकालपत्रात' पासून पुढे लिहू लागले.

सावली गेली. शिट्टी झाली. गाडीचा हिसका बसून शाईचा टपोरा थेंब नेमका 'विश्वास' या शब्दावर पडला. दत्तोबांनी टीपकागद दाबला, आणि डाग कसा पडला याची नोंद राहावी म्हणून समासात बारीक अक्षरात लिहिलं, '(गाडी हलली.)'

डबे पुढून सरकू लागले तशी धोंडाबाई एका जागी उभी राहिली. तिने हात उचलला. खांद्यापासून सरळ, सकाळच्यासारखा, फक्त या खेपेला बोटाऐवजी भाकरीचं फडकं होतं. एकेक डबा तिच्या हातासमोरून जात राहिला.

मागच्या डब्याच्या गजांआड गेणूला ती दिसली. त्याला एकच हात उचलायचा होता. बेडी होती म्हणून दोन्ही उचलावे लागले.